प्ले

शनिवारी पगार झाला, उद्यमबागेतनं सुटलो तो थेट खडेबाजारात.
अकराशे सांगून नऊशेला दिला.
खोकं फाटकं होतं, तिथंच टाकलं.
कंट्रोलर तसाच उघडा डब्याच्या पिशवीत,
ग्लोव्हज, व्हर्नियर आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीशेजारी.

सोबतच्या कागदावर मुंगीएवढी अक्षरं, त्यातली अर्धी चिनी.
चित्रं तेवढी कळली:
मधलं बटण आणि एक्स एकदम दाबा, पाच मोजा,
निळा दिवा लुकलुकला की समजा, हाक मारतोय.
मारत होता. आमचा फोन ओ देईना.

फोन मेव्हण्याचा जुना, गोकाकचा, सगळा कन्नडमध्ये.
मला बोलायला पोटापुरतं येतं,
वाचायला बसच्या पाट्यांपुरतं.
प्रणालीला शाळेत आहे, पण ती म्हणाली,
"पप्पा, असले शब्द पुस्तकात नाहीत की."
लोकेशन चालू केलं. बंद केलं.
फोन बंद करून चालू केला. वायर बदलली.
मग दिवा लुकलुकायचा थांबला, स्थिर झाला,
म्हणजे कुणीतरी ओ दिली होती.

भिंतीपलीकडं गलका.
मालिकेतली सून रडता रडता मध्येच थांबली,
आवाज चढला, उतरला,
आणि सासूच्या तोंडावर क्रिकेटचा स्कोअर.
इकडं प्रणाली अंगठा फिरवतच होती.
त्यांचा टीव्ही सकाळपासून रिमोट शोधत होता म्हणे,
त्याला आमचा सापडला.

शिवानंदअण्णा दारात. ड्युटीची खाकी पँट, वर बनियन.
"यार्री नम्म टीव्ही आडसाकत्तार?"
हसत होता म्हणून बरं.
चष्मा कपाळावरनं खाली घेतला, आमचा फोन वाचला,
मग घरात जाऊन आपला टीव्ही वाचला.
"मोदल मरेतुबिडि," तिकडनंच ओरडला.
आधी विसरून टाका.
त्यांच्या टीव्हीनं आम्हाला विसरायचं होतं.
परत आला आणि म्हणाला, "ईग जोडिसि."
हे मात्र कुणी सांगायला लागलं नाही.

जोडला. रेस सुरू.
गाडी डावीकडं. कुंपणात.
दुसरी गाडी घेतली, तीही डावीकडं.
"मी कायबी करत नाही पप्पा, आपलीआपणच जाऊल्या."
काडी तीनदा गोल फिरवा, सोडा, थांबा.
फिरवली, सोडली, थांबलो.
डावीकडं.

बावीस वर्षं लेथवर आहे. आम्ही याला प्ले म्हणतो.
हँडल सोडलं की हँडलनं गप्प बसायचं,
न बसलं तर जॉब गेला.
चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर काढला.
चार स्क्रू, पाचवा स्टिकरखाली लपलेला.
तोवर दुकानदाराच्या सात पिढ्या काढून झाल्या होत्या.

काडीच्या बुडाशी तिळाएवढं चुंबक,
आणि चुंबकाला दाढी फुटलेली, काळी.
बोटावर घेऊन बघितली.
बीड.
आमच्याच शॉपमधलं, माझ्याच ग्लोव्हजवरचं पीठ.
खडेबाजारातनं घरापर्यंत पिशवीत हलत हलत आलेलं.
सातही पिढ्या मनातल्या मनात परत ठेवल्या.

फुंकरीनं जात नाही, पुसलं तर आणखी आत जातं.
चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा,
टेकवायचा, उचलायचा, बघायचं, परत नवा.
अण्णानं बॅटरी धरली. त्याचा हात जराही हलला नाही.
म्हणाला, "आमची गाडी पण असंच ओढतीय बघा,
चिकोडीपर्यंत मी उजवीकडं धरून बसतोय.
डेपोत सांगून सांगून तोंड दुखलं."

साडेदहाला झाकण बसलं. एक स्क्रू उरला.
त्यावर कुणी काही बोललं नाही.
केसाएवढी ओढ अजून आहे.
सेटिंगमध्ये डेड झोन म्हणून एक आकडा आहे, तो पाचवर नेला.
तेवढ्या जागेत काडी हलली
तरी हलली असं कुणी धरत नाही.
गाडी सरळ गेली. बोगदा, पूल, पुढं समुद्र.
प्रणालीनं श्वास सोडला,
अण्णानंही, मग त्याला त्याची मालिका आठवली.

आता शिफ्टवरनं आलो की शर्ट बाहेर दोरीवर,
पिशवी चपलांशेजारी,
हात कोपरापर्यंत धुतो, नखांत ब्रश मारतो,
दोन्ही पंजे तिला उलटसुलट दाखवतो
आणि विचारतो, माझा नंबर कधी.